वामकुक्षीची राखण

आमच्या मुरुडच्या बाजारात चोर शिरला तो भर दुपारी. त्याचंही बरोबरच होतं म्हणा. रात्री आला असता तर दुकानांच्या फळ्या, फळ्यांमागचे अडसर, अडसरांची कुलपं आणि ओट्यावर पसरलेले गडी एवढ्या सगळ्यांची समजूत काढावी लागली असती. दुपारी असलं काही नव्हतं. दुपारी जेवणं झाली की बाजारातले यच्चयावत पुरुष झोपत. व्यापारी झोपत, गडी झोपत, आणि गिऱ्हाइकांनाही सवय झाल्यामुळे तीही आपापल्या घरी झोपत. चार वाजता एसटी यायची, ड्रायव्हर वळणावर हॉर्न दाबायचा, तेव्हा बाजार डोळे चोळत उठायचा. सरकार त्या ड्रायव्हरला पगार द्यायचं ते गाडी चालवण्याचा. आम्हाला उठवण्याचं काम तो धर्मार्थ करायचा.

दुकान बंद करायची दुपारची पद्धतही पाहण्यासारखी होती. फळ्या पुरुषभर उंचीच्या आणि जड. सकाळी काढायच्या, रात्री लावायच्या. दुपारी पुन्हा तो खटाटोप केला तर घाम येतो, आणि घाम आला की झोप उडते. म्हणून उंबऱ्यावर एक काठी आडवी ठेवायची. काठी आडवी म्हणजे दुकान बंद. गावातली कुत्रीसुद्धा ती काठी ओलांडत नाहीत, असं मामंजी, म्हणजे माझे सासरे, छाती फुगवून सांगायचे. कुत्र्यांचं मला माहीत नाही. त्या वेळी तीही झोपलेली असत.

मी म्हसळ्याच्या बाजूची, भातशेतीवाल्यांच्या घरातली. आमच्याकडे दुपारी कोणी झोपलेलं दिसलं की आधी कपाळाला हात लावून ताप बघत. नबाबाचं संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा लग्न होऊन मी मुरुडला आले, ती किराणा दुकानाच्या मागच्या घरात. पुढे दुकान, मधे एक दार, मागे घर, त्याच्या मागे पडवी, विहीर आणि नारळ. पहिल्याच दुपारी माजघरात मामंजी, ओटीवर माझे यजमान आणि पायरीवर गडी असे ओळीनं आडवे झालेले पाहिले आणि मी घाबरून सासूबाईंना विचारलं, "यांना काय झालं?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "व्यापार करून दमलेत."

सकाळपासून गिऱ्हाइकं आली होती दोन-चार, आणि त्यातलं एक नुसतं टपालकचेरी कुठे आहे ते विचारायला आलेलं. पण सासूबाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. त्याच क्षणी मला कळलं की या बाईशी आपलं जमणार.

बायका दुपारी झोपत नसत. त्यांना कोणी बंदी केली नव्हती, फक्त त्यासाठी वेळ ठेवला नव्हता. भांडी, उष्टीखरकटी, तांदूळ निवडणं, पापड लाटणं, फाटलेलं शिवणं, हे सगळं करायला दुपारइतकी निवांत वेळ दुसरी कुठली? पुरुष झोपले की घर कसं शांत होतं, आणि शांततेत काम चांगलं होतं, असं मामंजींचं म्हणणं होतं. हे ते जांभई देता देता सांगत.

आता चहाचं सांगते. मामंजींच्या मते माणसानं चहा दोनदा प्यावा. सकाळी, आणि दुपारी झोपून उठल्यावर. जो झोपलाच नाही त्याला उठल्यावरचा चहा कशाला, असा त्यांचा हिशेब. साखरेवर तेव्हा कंट्रोल होता. ते रोज सकाळी घरखर्चाची साखर मापानं काढून देत आणि मापावर आलेला उंचवटा बोटानं सारखा करून परत डब्यात टाकत. सासूबाई ते बघत उभ्या राहत.  दुपारी घोरणं सुरू झालं की मधलं दार उघडून त्या दुकानात जात आणि तो उंचवटा परत घेऊन येत.

आमच्या विहिरीपाशी मग पाच घरच्या बायका जमत. वारावर जेवणारे गरीब विद्यार्थी असत ना, सोमवारी याच्या घरी, मंगळवारी त्याच्या घरी, तसे या बायकांनी चहाचे वार लावले होते. दोन किराणा दुकानं होती, एक आमचं आणि एक समोरचं. साखर एका वारी आमची, एका वारी त्यांची, चहापत्तीचंही तसंच. बेकरीवाल्याची बायको नानकटाई आणायची. भांडीवाल्याच्या घरून कपबश्या यायच्या, कारण घरच्या कपाला दुपारी चहाचा वास आला तर पंचाईत. राहिली कापडवाल्याची बायको. तिला वाईट वाटायचं की आपल्या दुकानात चहाला उपयोगी असं काहीच नाही. मग तिनं गाळायला मलमल आणायला सुरुवात केली. दर आठवड्याला नवी, हातभर. नबाबाच्या घरी तरी इतक्या स्वच्छ फडक्यातून चहा गाळत असतील की नाही, शंका आहे.

हे किती दिवस चाललं असतं देव जाणे. पण एकदा मामंजींनी साखरेच्या डब्यात हात घातला आणि त्यांचा हात नेहमीपेक्षा खोल गेला.

बाजारातल्या व्यापाऱ्यांची एक कमिटी होती. कापडवाले शेट अध्यक्ष. तिची बैठक आमच्या ओटीवर भरली, अर्थात चारनंतर. आम्ही बायका आत दाराआड. एकेक जण उठून आपलं काय गेलं ते सांगू लागला. साखर गेली. चहापत्ती गेली. नानकटाई गेली. कपबश्या जातात आणि आश्चर्य म्हणजे परत येतात, असं भांडीवाले म्हणाले. कापडवाले शेट दुःखानं म्हणाले की मलमल जाते, आणि तीही उत्तम प्रतीचीच. साखर, चहापत्ती, नानकटाई, कपबश्या आणि मलमल. एवढी यादी एका दमात ऐकूनही त्या ओटीवर बसलेल्या एकाच्याही डोक्यात चहा आला नाही. आणि हे सगळं बोलणं चालू असताना प्रत्येकाच्या हातात चहाचा कप होता.

निष्कर्ष असा निघाला की हे काम टोळीचं आहे. चोऱ्या ठरल्या वारी होतात, म्हणजे टोळी शिस्तीची आहे. कप परत येतात, म्हणजे ती धूर्त आहे. उत्तम मलमल जाते, म्हणजे मुंबईची आहे. आत दाराआड बेकरीवाल्याच्या बायकोनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. सासूबाई मात्र गंभीर चेहऱ्यानं ऐकत होत्या. टोळीचं कौतुक झालेलं त्यांना आवडलं असावं.

उपाय काय करायचा यावर पुष्कळ चर्चा झाली. दुपारी फळ्या लावाव्यात, ही सूचना घाम येईल म्हणून फेटाळली गेली. दुपारी झोपू नये, ही सूचना कोणी केलीच नाही. शेवटी कापडवाले शेट म्हणाले की मुंबईत मोठमोठ्या गोदामांना फिरती गस्त असते. पहारेकरी एका जागी बसत नाही, सायकलवर बसून सगळ्या गोदामांभोवती फेऱ्या मारतो. चोराला तो कधी कुठून येईल ते कळत नाही. आपणही फिरती गस्त ठेवू. सगळ्यांना हे फार पसंत पडलं. मुंबईचा चोर, त्याला मुंबईचाच इलाज. फक्त सायकल नको, असं मामंजी म्हणाले. साखळी वाजते.

माणूस तयारच होता. संस्थानच्या पोलिसात जमादार असलेला एक गृहस्थ. उंच, पाठ ताठ, पांढरी दाढी राखलेली. संस्थान गेलं तेव्हा नव्या सरकारनं तरुण शिपाई घेतले आणि याला वयाचं कारण सांगून घरी पाठवलं. घर म्हणजे पोलीस लाईनीतली खोली. तीही सरकारनं घेतली. बायको वारलेली, मूलबाळ नाही. एक पुतण्या मुंबईत गोदीत. तो बोलवत होता, पण जमादार म्हणायचे, ज्या गावात आयुष्यभर लोकांनी उठून सलाम केला, ते सोडून चाळीत कोणाच्या खाटेखाली झोपू? मग ते मशिदीच्या पडवीत झोपायचे.

कमिटीनं त्यांना गस्तीवर घेतलं आणि राहायला बाजाराच्या तोंडाशी असलेली जुनी जकातीची चौकी दिली. संस्थान गेलं तशी जकातही गेली होती आणि चौकी व्यापाऱ्यांच्या ताब्यात पडून होती. अट एकच. गस्त आहे तोवर जागा. जमादारांनी ती चौकी झाडली, चुना लावला, दाराशी तुळशीसारखी एका डब्यात सब्जाची रोपं लावली. मागच्या वाडीतून जाता-येता मी ते बघत असे. म्हाताऱ्या माणसाला पुन्हा दार मिळालं की तो किती वेळा ते उघडतो आणि लावतो, ते बघून मला भरून यायचं.

पहिल्या दिवशी ते संस्थानचा खाकी कोट, पायांत नाल ठोकलेले बूट आणि हातात काठी अशा थाटात गस्तीला निघाले. बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी पुरी झाली नसेल, तोच सगळ्या ओट्यांवरून लोक ओरडायला लागले. झोपमोड झाली होती. चारनंतर पुन्हा बैठक. ठराव असा की गस्त कडक असावी, पण तिचा आवाज होता कामा नये. बूट नकोत. काठी आपटायची नाही. खाकरायचं नाही.

"मग चोराला कळंल कसा, का गस्त हाय?" जमादारांनी विचारलं.

"चोराला कळायची गरज नाही," कापडवाले शेट म्हणाले. "आम्हाला ठाऊक आहे तेवढं पुरे."

वैशाखातल्या दुपारी मुरुडच्या रस्त्यावर अनवाणी फिरून बघा म्हणजे कळेल. दुसऱ्या दिवशी जमादार दुकानांच्या सावलीच्या कडेकडेनं उड्या मारल्यासारखे चालताना सासूबाईंना दिसले. त्यांनी गोणपाटाचे दोन जाड थर शिवून पायताणं केली आणि माझ्याबरोबर पाठवली. ती पायताणं घातल्यावर जमादारांच्या चालण्याचा आवाज अजिबात बंद झाला. हे आपण काय करून बसलो, ते सासूबाईंना पुढच्या दुपारी समजलं. त्या दुकानात साखरेच्या डब्यात हात घालून उभ्या होत्या, मी पुडी धरून, आणि काठीच्या पलीकडे उंबऱ्याशी जमादार कधीचे उभे होते ते कळलंच नाही.

 सासूबाईंचा हात डब्यातच. जमादारांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग मान वर करून आढ्याकडे पाहिलं.

"वैनीसाब, मुंग्या फार झाल्यात या दुकानात," ते म्हणाले, आणि पुढे गेले.

त्या दिवसापासून ते साखर काढायच्या वेळेला आमच्या दुकानावरून जाईनासे झाले. सासूबाईंनी त्यांना चहा पाठवला. त्यांच्यासाठी कान तुटलेला एक कप कोनाड्यात वेगळा ठेवलेला होता. आमच्या घराचं त्या काळचं औदार्य तेवढंच. त्यांनी कप परत पाठवला. "कामावर हाय," असा निरोप दिला. कपाच्या तुटलेल्या कानाबद्दल ते काही म्हणाले नाहीत, पण मला लाज वाटली.

रोज चारनंतर ते कमिटीला खबर देत. "बाजारात परका मानूस शिरला न्हाय." हे वाक्य ते असं काही ठासून म्हणत की व्यापारी खूश होत. परका हा शब्द मात्र कोणाच्याच लक्षात आला नाही. खोटं ते एकदाही बोलले नाहीत. साखर खाणारं माणूस घरचंच आहे, हे ते रोज सगळ्यांच्या तोंडावर सांगत होते आणि सगळे मान डोलवत होते.

पण डब्यातली साखर काही वाढेना. कुजबूज सुरू झाली. परका कोणी येत नाही आणि माल तर जातो. मग कापडवाले शेट म्हणाले की बाजारात त्या वेळेला जागा माणूस एकच असतो. बाकी सगळे झोपलेले असतात, तेव्हा चोर कोण ते वेगळं सांगायला नको. घराघरांतून पाच-दहा बायका त्या वेळी भांडी घासत असतात, हे त्यांच्या गावीच नव्हतं. बायका काही माणसांत मोजल्या जात नव्हत्या, म्हणून वाचल्या. एकानं तर असंही म्हटलं की शेवटी तो संस्थानचा माणूस, आणि त्यांच्यातला. त्याचं मन इथं असेल कशावरून? मामंजी सुपारी कातरत राहिले. 

जमादारांना सांगण्यात आलं की आठवडाभरात चोर धरून द्या, नाहीतर चौकी रिकामी करा. ते उभ्यानं ऐकत होते.  त्यांनी बोट दाखवायचं, तेही समोरच्या दाराकडे, की जागा राहिली. आम्ही दाराआड श्वास रोखून होतो. जमादार एवढंच म्हणाले, "व्हय. बघतो."

त्या रात्री सासूबाई जेवल्या नाहीत. सकाळी त्यांनी हुकूम काढला. चहा बंद. पाचही घरांत बंद. आठवडाभर बाजारात साखरेचा एक दाणा हलला नाही. आम्हाला वाटलं, सुटला बिचारा. आठवडा संपल्यावर कमिटी बसली. चोऱ्या थांबल्या, याबद्दल एकमेकांचं अभिनंदन झालं. मग कापडवाले शेट म्हणाले, "चोर तर गेला. आता गस्त कशाला?" सगळ्यांना हेही पटलं. त्या लोकांना काहीही पटायचं. जमादारांनी महिनाअखेर चौकी सोडावी असं ठरलं.

मी आयुष्यात बरेच शहाणे लोक पाहिले, पण या ठरावाला तोड नाही. चोरी झाली तर राखणदार नालायक, म्हणून काढा. चोरी झाली नाही तर राखणदार बिनकामाचा, म्हणून काढा. म्हणजे त्या माणसाची जागा राहायची असेल तर चोरी व्हायलाही हवी आणि फार होताही कामा नये. हे गणित कमिटीतल्या एकालाही सुटलं नसतं. सासूबाई शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांनी ते तांदूळ निवडता निवडता सोडवलं.

दुसऱ्या दिवशी समोरच्या दुकानातून एक साबणाची वडी गेली. कमिटी हादरली. टोळी परत आली होती. गस्त चालू ठेवायचं ठरलं. मग थोडे दिवस काहीच गेलं नाही. जमादारांची वाहवा झाली. ती वाहवा शिळी व्हायच्या आत भांडीवाल्याकडची एक पळी गेली. पुन्हा शांतता. मग कापडवाल्याकडचं दोऱ्याचं रीळ. विहिरीपाशी बसून सासूबाई ठरवायच्या, आता कोणाकडचं, काय, आणि कधी. चहा कधीच बाजूला पडला होता. आता प्रश्न त्या चौकीचा होता आणि पाचही बायका तो आपल्या घरातलाच मानत होत्या. चोरलेल्या वस्तू आमच्या पडवीत नारळांच्या ढिगामागे जमत होत्या, कारण त्यांचं काय करायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बाजार मात्र सुखात होता. घाबरायला पुरेसं कारण होतं आणि झोपायला पुरेशी सुरक्षितता होती. व्यापाऱ्याला याहून जास्त काय हवं असतं?

पावसाळा असा गेला. दिवाळी झाली. आणि एका दुपारी, सगळीकडे घोरणं सुरू झाल्यावर, जमादार आमच्या मागल्या दारी येऊन उभे राहिले. अंगात कोट होता आणि पायांत बूट. सासूबाई भांडी घासत होत्या. त्या हात धुऊन उठल्या.

"वैनीसाब, निघालो," जमादार म्हणाले. "चौकीची ही चावी चार वाजता कमिटीला द्या. तीनच्या गाडीनं जातो. पुतन्याला कळवलंय."

"का?" सासूबाईंनी विचारलं. "कोणी काही बोललं?"

"कोन काय बोलनार? आता तं सगले चांगला बोलतात." त्यांनी खिशातून दोऱ्याचं ते रीळ काढून पायरीवर ठेवलं. ते पावसाळ्यात आमच्या नारळांमागून पाण्याबरोबर गटारात वाहून गेलं होतं आणि त्यांना सापडलं होतं. "साखर व्हती, तवर मी बोललो न्हाय. आपल्या घरातली साखर आपुन घेतली, ती चोरी न्हाय. पन चहात दोरा घालत न्हाईत, वैनीसाब. ह्या चोऱ्या माज्यासाटी व्हतात, ह्या मला कवाच कळला. मी शिपाई हाय. माज्या जागेसाटी बाजारात चोरी व्हनार, आन् मी ती राखनार, ह्या मला न्हाय जमत."

सासूबाईंनी मान खाली घालून ते रीळ उचललं. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. जमादारांनी दोन्ही हात जोडले. तेव्हा त्यांचा चेहरा ताठ होता, पण वळताना त्यांना पायरी नीट दिसली नाही आणि त्यांचा पाय अडखळला. या वयात ते तीनच्या एसटीनं खाडीपर्यंत, तरीच्या होडीनं पलीकडे, पुन्हा एसटीनं रेवसला आणि तिथून लाँचनं भाऊच्या धक्क्याला जाणार होते. तिथून पुढे त्या खाटेखाली. मला रडू आलं.

सासूबाई माजघरात गेल्या आणि त्यांनी मामंजींना उठवलं. ही गोष्ट त्या घरात कधी घडली नव्हती. दुकानात साप निघाला होता तेव्हासुद्धा मामंजी आपण होऊन उठेपर्यंत सगळे थांबले होते.

मामंजींनी तोंडावरचा पंचा काढला. "एसटी आली?"

"नाही. जमादार चाललेत. कायमचे."

"बरं मग?"

"त्यांना आपल्याकडे ठेवून घ्या. चोर मी आहे. साखर मी नेत होते, चहाला. पुढचंही सगळं मीच केलं."

मामंजी उठून बसले.  मग त्यांनी विचारलं, "किती साखर?"

"चहापुरती."

"आणि हे जमादाराला ठाऊक होतं?"

"पहिल्यापासून. जागा जायची पाळी आली तरी बोलले नाहीत."

मामंजी गंभीर झाले. मला वाटलं, आता हा माणूस विरघळला. मामंजी म्हणाले, "मग गेला तेच बरं. आपल्या घरातलं ज्याला इतकं ठाऊक आहे, तो गावात नसलेला चांगला. आणि त्यांच्या माणसाला घरात कुठं ठेवायचं? बाकीचं चार वाजता बोलू." त्यांनी पंचा तोंडावर घेतला.

सासूबाई क्षणभर त्या पंचाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दोन्ही खांद्यांवरून पदर घेतला, मधलं दार उघडलं, दुकानातून चालत गेल्या आणि उंबऱ्यावरची काठी ओलांडून सरळ बाजाराच्या रस्त्यावर उतरल्या. आमच्या बायका मागच्या वाडीतूनच ये-जा करत. पुढच्या रस्त्यानं भर दुपारी, मधोमध, अशी कोणी गेली नव्हती. मी मागून धावले. दोन्ही बाजूंना ओट्यांवर गावातले समस्त प्रतिष्ठित लोक तोंडं उघडी टाकून पडले होते. एकानंही कूस बदलली नाही.

गाडी उंडीच्या झाडाखाली उभी होती. कंडक्टर पेंगत होता. जमादार पत्र्याच्या पेटीवर बसले होते, ते सासूबाईंना बघून उभे राहिले.

"पेटी उचला. घरी चला," सासूबाई म्हणाल्या. "मागल्या पडवीत नारळांची खोली आहे. नारळ बाहेर काढू."

"शेटांना इचारलात?"

"ते झोपलेत."

जमादार किंचित हसले. मग मान हलवली. "काम न्हाय तं जागा कशी घेऊ, वैनीसाब? फुकट न्हाय ऱ्हात मी."

"काम आहे."

"आता चोरीचा काम पुरे झाला."

 ड्रायव्हर येऊन बसला, कंडक्टरनं घंटी ओढली. लोक खिडक्यांतून बघायला लागले. सासूबाई खाली रस्त्याकडे बघत बोलल्या, आणि मला त्यांचा आवाज ओळखू आला नाही, इतका तो दमलेला होता.

"मला झोपायचं आहे, जमादार. या घरात आले तेव्हा मला चौदावं होतं. तेव्हापासून दुपारची पाठ टेकली नाही मी. कोणी नको म्हटलं नाही. पण मी झोपले तर मागं कोण बघणार, या विचारानं डोळाच लागला नाही कधी. तुम्ही दुपारचं घर राखा. मी झोपते."

जमादार त्यांच्याकडे बघत राहिले. माझ्या सासूबाईंकडे, एवढ्या नीट, घरातल्या कोणी कधी पाहिलेलं मला आठवत नाही. मग ते वाकले आणि त्यांनी पेटी उचलली. एसटी धूळ उडवत निघून गेली.

पडवीच्या दारात मी चटई घातली. सासूबाई पाय मुडपून भिंतीकडे तोंड करून पडल्या आणि आम्ही नारळ हलवून व्हायच्या आत त्यांना गाढ झोप लागली. जमादार पायरीवर बसून राहिले. चार वाजले. वळणावर हॉर्न वाजला. बाजार उठला, काठ्या उचलल्या गेल्या, आणि मामंजी चहा मागत, आमच्या नावानं ओरडत, तरातरा पडवीपर्यंत आले. पायरीवर जमादार दिसताच ते थबकले आणि आणखीच मोठ्यानं काही विचारणार होते.

जमादार उठून आडवे उभे राहिले.

"शेट, जरा हळू बोला," ते म्हणाले. "वैनीसाब झोपल्यात."